स्वतःच्या पायऱ्या स्वतः बांधणारा धबधबा

जमैकाच्या उत्तर किनाऱ्यावर ओचो रिओस नावाचं बंदर आहे. कॅरिबियन समुद्रातल्या क्रूझ इथे थांबतात, प्रवासी काही तासांसाठी उतरतात, आणि त्यांतले बरेचजण थेट डन्स रिव्हर फॉल्स गाठतात. हा धबधबा लांबून बघून परत फिरायचा नाही, चढायचा. खाली समुद्राच्या वाळूवर उभं राहायचं, एकमेकांचे हात धरून साखळी करायची आणि गाइडच्या मागोमाग वाहत्या पाण्यातूनच वर निघायचं. उंची साधारण 55 मीटर, पण लांबी 180 मीटर. ढोबळ हिशेबाने सरासरी उतार 18 अंशांच्या आसपास येतो. म्हणूनच गिर्यारोहणाचा गंधही नसलेली माणसं तास-दीड तासात माथ्यावर पोचतात.

सह्याद्रीचे धबधबे पाहिलेल्या माणसाला हे खटकायला हवं. आपल्याकडे पाणी बेसॉल्टच्या उभ्या कड्यावरून कोसळतं, आणि त्या ओल्या कातळावर पाय ठेवणं म्हणजे हातपाय मोडून घेण्याची तयारी. मग इथेच अशा रुंद, गोलसर, पाय मावेल अशा पायऱ्या कशा? त्या कोणी कोरलेल्या नाहीत. पाण्याने झिजवून केलेल्याही नाहीत. पाण्याने त्या बांधल्या आहेत, आणि ते काम आजही चालू आहे.

एरवी धबधबा म्हणजे झीज. पाणी खालचा दगड पोखरतं, वरचा ढासळतो आणि अख्खा धबधबा नदीच्या उगमाच्या दिशेने मागे सरकत जातो. नायगारा अशा रीतीने गेल्या सुमारे 12,000 वर्षांत 11 किलोमीटर मागे गेला आहे. डन्स रिव्हरचा स्वभाव याच्या बरोबर उलटा आहे.

त्याचं कारण जमैकाच्या पोटात आहे. या बेटाचा जवळजवळ दोनतृतीयांश भाग चुनखडीने व्यापलेला आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी हा प्रदेश उथळ, उबदार समुद्राखाली होता आणि तिथल्या जीवांच्या कवचांचे व सांगाड्यांचे थर साचून हा खडक तयार झाला. त्यावर पडणारा पाऊस आधी मातीतून झिरपतो. मुळं आणि सूक्ष्मजीव यांच्या श्वसनामुळे मातीतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या हवेपेक्षा दहापट ते शंभरपट असतो. तो पाण्यात विरघळला की सौम्य कार्बोनिक आम्ल तयार होतं. हे आम्लयुक्त पाणी भेगांमधून खाली जाताना चुनखडी विरघळवतं आणि कॅल्शियम व बायकार्बोनेट सोबत घेऊन झऱ्याच्या रूपाने बाहेर पडतं. पाणी दिसायला नितळ, पण त्यात दगड विरघळलेला असतो.

उघड्यावर आल्यावर पाण्यातला जादाचा कार्बन डायऑक्साइड हवेत निसटू लागतो. तो गेला की आम्लपणा घटतो, कॅल्शियम कार्बोनेटला विरघळून राहणं जमेनासं होतं आणि ते पुन्हा घनरूपात बाहेर पडतं. बोअरचं पाणी वापरणाऱ्या घरात गिझरच्या कॉइलवर जो पांढरा क्षार धरतो, तोही मुख्यतः हाच पदार्थ. तिथे उष्णता वायूला हाकलते, इथे ते काम पाण्याची घुसळण करते. अशा साठ्याला ट्रॅव्हर्टाइन म्हणतात.

या साऱ्या प्रकारात मला सर्वांत विलक्षण वाटते ती पायरीची कड. शांत डोहात पाणी खोल असतं, वायू हळूहळू सुटतो, थर फारसा बसत नाही. तेच पाणी काठावरून ओसंडताना पातळ पापुद्र्यासारखं पसरतं, वेग घेतं, फेसाळतं. हवेशी संपर्क एकदम वाढतो आणि थर नेमका तिथेच जोमाने बसतो. काठ किंचित उंचावला की त्यामागचा डोह खोल होतो, काठावरून पडणारं पाणी आणखी उसळतं आणि काठ आणखी वाढतो. सुरुवातीला तिथे एखादं अडकलेलं लाकूड किंवा दगडाचा लहानसा उंचवटा असला तरी पुरतो. पुढचा बंधारा पाणी स्वतःच घालतं. अशा प्रवाहांत थर वर्षाला काही मिलिमीटर वाढतो, फार अनुकूल जागी सेंटीमीटरच्या घरात जातो. भूशास्त्रात कोट्यवधी वर्षांची भाषा ऐकायची सवय असलेल्यांना हा वेग थक्क करणारा आहे. माणसाच्या एका आयुष्यात खडक हाताला जाणवेल इतका वाढू शकतो.

यात सजीवांचाही हात आहे. काठावरची ओलसर, हिरवट-तपकिरी मखमल नीट पाहिली तर त्यात शेवाळ, मॉस आणि सायनोबॅक्टेरिया (प्रकाशावर जगणारे जीवाणू) एकत्र नांदत असतात. प्रकाशसंश्लेषणासाठी ते पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात, म्हणजे साका बसायला मदतच करतात. शिवाय त्यांचे चिकट धागे स्फटिकांना धरायला आधार देतात. मॉसचं टोक वर वाढत राहतं आणि बुडखा दगडात गाडला जातो. पुढे तो बुडखा कुजून जातो आणि दगडात बारीक नळ्या, छिद्रं उरतात. हा खडक खरखरीत आणि सच्छिद्र असण्याचं हे एक मोठं कारण. पावलाला पकड मिळते ती या खरखरीतपणामुळे. मात्र जिथे नुसताच शेवाळाचा बुळबुळीत थर आहे तिथे पाय सटकतोच. म्हणून रबरी तळव्याचे पाण्यातले बूट घालावेत, हौस म्हणून नव्हे, गरज म्हणून.

पकड असली तरी पाण्याचा जोर हलका समजू नये. वाहतं पाणी पायांवर जो रेटा देतं, तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. गुडघाभर पाण्यात दोन्ही पाय मिळून प्रवाहासमोर साधारण एक दशांश चौरस मीटर क्षेत्र येतं. सेकंदाला 1 मीटर वेगाने वाहणाऱ्या पाण्याचा त्यावरचा रेटा अंदाजे पाच किलो वजनाइतका भरतो. वेग दुप्पट झाला की तोच वीस किलोंवर जातो. हातांची साखळी इथे उपयोगी पडते, कारण एका वेळी सगळ्यांचे पाय उचललेले नसतात आणि ज्याचे दोन्ही पाय घट्ट आहेत तो शेजाऱ्याला सावरू शकतो. पण दोघं-तिघं एकदम घसरली तर तीच साखळी इतरांनाही ओढते. त्यामुळे पुढच्याचं पाऊल स्थिरावेपर्यंत आपलं न उचलणं महत्त्वाचं.

या जागेला इतिहासही आहे. 1657 साली जमैका परत मिळवण्यासाठी क्यूबाहून आलेल्या स्पॅनिश फौजेचा इंग्रजांनी याच परिसरात पराभव केला होता. आजच्या पर्यटकांच्या गर्दीत त्याची आठवण फारशी कोणाला नसते.

ही गर्दी मला अस्वस्थ करते. ट्रॅव्हर्टाइन हा मऊ खडक, आणि त्याची वाढ त्या मिलिमीटरभर जिवंत थरावर बरीचशी अवलंबून. हजारो पावलं एकाच काठावरून गेली की शेवाळ आणि मॉस खरवडून निघतात, नवे नाजूक स्फटिक चुरडले जातात. पाण्यात सांडपाणी किंवा खतांतून फॉस्फेट मिसळलं तर नुकसान डोळ्यांना दिसतही नाही. फॉस्फेटचे अंश कॅल्साइटच्या, म्हणजे स्फटिकरूप कॅल्शियम कार्बोनेटच्या, पृष्ठभागाला चिकटतात आणि स्फटिकाची वाढ रोखतात. म्हणजे धबधबा वाहता राहतो, पण बांधकाम मंदावतं.

क्रोएशियातल्या प्लिटवित्से सरोवरांचे बंधारेही असेच ट्रॅव्हर्टाइनचे आहेत. 1979 पासून ती जागा युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. तिथे पाण्यात उतरता येत नाही, लाकडी पदपथांवरूनच फिरावं लागतं. तुर्कस्तानातल्या पामुक्कलेच्या पांढऱ्या पायऱ्यांवर बूट काढूनच पाऊल ठेवता येतं, तेही ठरवून दिलेल्या भागात. डन्स रिव्हरची सारी ओळखच चढण्यात आहे, तिथे पूर्ण बंदी शक्य नाही आणि माझ्या मते योग्यही नाही. त्या चढाईवर अनेक स्थानिकांचं पोट चालतं. पण चढायची वाट एकच ठेवावी, बाजूचे काठ पूर्ण मोकळे सोडावेत आणि अधूनमधून ती वाट बदलून खरवडलेल्या भागाला पुन्हा हिरवं व्हायला वेळ द्यावा, एवढं तर करता येईल.

कधी जाणं झालंच तर चढताना ज्या काठावर माणसं पाय देत नाहीत, तिकडे नीट पाहा. पाण्यात अडकलेल्या एखाद्या पानावर किंवा काडीवर दगडी साय धरलेली दिसू शकते. ती तोडून आणू नका. पान आत कुजून जाईल आणि त्याचा ठसा पायरीतच राहील.