उणे 8 डिग्री, आणि पोरं अंगणातच

डिसेंबरात ऑस्लोमध्ये सूर्य सव्वातीनच्या सुमारासच मावळतो, त्यामुळे चार वाजता मुलीला आणायला जाते तेव्हा बाहेर अंधार पडलेला असतो आणि बार्नेहागेची सगळी पोरं अंगणातल्या दिव्यांखाली रिफ्लेक्टरची जाकिटं घालून बर्फ उकरत असतात. बार्नेहागे म्हणजे इथली बालवाडी, एक वर्षाची झाली की पोरं जायला लागतात. त्या दिवशी उणे 8 होतं. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर ती पहिलं हेच म्हणाली, अगं सर्दी होईल ना तिला!

मलाही पहिल्या वर्षी तीच भीती होती. सर्दी हा शब्दच मुळात फारसीतल्या ‘सर्द’ म्हणजे थंड यावरून आलाय, त्यामुळे थंडी लागली की सर्दी हे आपल्या डोक्यात फिट्ट बसलंय. पण सर्दी होते व्हायरसमुळे. आता हे खरं आहे की सर्दीचा रायनोव्हायरस नाकातल्या 33-35 डिग्रीला 37 पेक्षा जास्त जोमाने वाढतो, म्हणजे थंडीचा काहीच संबंध नाही असं मी म्हणणार नाही, पण व्हायरस आधी कुणाकडून तरी यायला लागतो, आणि खिडक्या बंद असलेल्या खोलीत वीस पोरं एकमेकांचा श्वास घेत बसली की तो येणं फार सोपं होतं. बाहेर हवा खेळती असते.

थंडीत पोरांना खरा त्रास होतो तो ओलीचा, आणि हे मला इथल्या ताईंनी शिकवलं. लहान मुलाच्या वजनाच्या मानाने त्वचेचं क्षेत्रफळ मोठं असतं, म्हणून ते आपल्यापेक्षा लवकर गार पडतं. त्याला ऊब देतात ते कपडे नव्हेत, कपड्यांच्या थरांत अडकलेली हवा, कारण स्थिर हवेतून उष्णता फार हळू जाते. तिच्या जागी पाणी भरलं की तीच उष्णता जवळजवळ 25 पट वेगाने निघून जाते! म्हणून आतून सुती बनियन चालत नाही, सुती कापड घाम पिऊन अंगाला चिकटतं. लोकर स्वतःच्या वजनाच्या 30 टक्क्यांपर्यंत ओलावा धागा ओला न वाटता धरून ठेवते, वर तो शोषताना थोडी उष्णताही सोडते. तर आत लोकर, वर पाणी न शिरणारा एकसंध सूट, आणि हातात पाच बोटांच्या ग्लोव्हजऐवजी मिटन, ज्यात चार बोटं एकाच खोलीत राहून एकमेकांना ऊब देतात. इतकं करून पोरगं पळत राहिलं की स्नायूच शेगडीचं काम करतात. फार गारठा पडला की अर्थात आत नेतात, तान्ह्यांना आधी.

एक मात्र सांगायला हवं, उन्हात खेळल्याने व्हिटॅमिन डी मिळतं हे इथे हिवाळ्यात लागू नाही. ऑस्लो जवळपास 60 अक्षांशावर आहे, सूर्य इतका खाली असतो की लागणारे अतिनील किरण जमिनीपर्यंत पुरेसे पोचतच नाहीत, त्यामुळे डी थेंबांतून किंवा कॉडच्या तेलातून द्यावंच लागतं. पण तोल सांभाळणं, चढणं, घसरणं यात फरक पडतो, नॉर्वेतल्याच इंगुन फ्योर्टोफ्ट यांनी 5 ते 7 वर्षांच्या मुलांवर अभ्यास केला होता, रोज जंगलात खेळणाऱ्या मुलांचा तोल आणि हालचालींतला मेळ साध्या प्लेग्राउंडवाल्यांपेक्षा जास्त सुधारला होता. बर्फाखालचा उंचसखलपणा तर दिसतही नाही, प्रत्येक पाऊल अंदाजाने टाकायचं.

आणि शिकणं? ते तर हातातच असतं. उणे 12 ला बर्फाचा गोळा वळत नाही, भुगा होतो, अगदी पाक कमी पडलेल्या रव्याच्या लाडवासारखा. शून्याच्या जवळपास मात्र कणांवर पाण्याचा पातळ थर असतो, दाबलं की कण चिकटतात. अशा बर्फाला इथे ‘क्राम’ म्हणतात आणि माझी साडेतीन वर्षांची पोर दारातून पाऊल टाकताच हातात घेऊन सांगते, आज क्राम आहे. लोखंडी झोपाळ्याला जीभ का लावायची नाही हेही त्यांना ठाऊक असतं, लोखंड उष्णता इतकी भराभर ओढून घेतं की लाळ तिथेच गोठते. चिकटलीच तर ओढायची नाही, कोमट पाणी ओतायचं.

गेल्या आठवड्यात त्यांनी बादलीत पाणी भरून रात्रभर बाहेर ठेवलं. सकाळी उलटी केली तर बाजूने आणि वरून जाड बर्फ, बुडाला पातळ पापुद्रा आणि मधे अजून पाणीच! बादली बर्फावर ठेवलेली, आणि बर्फात हवा अडकलेली असल्याने तोच खालून गोधडीचं काम करत होता. पापुद्रा फोडून पाणी ओतलं, आत मेणबत्ती लावली, झाला कंदील. चार वाजता मी गेले तेव्हा तो फाटकापाशी जळत होता आणि मुलगी मला आत जाऊच देईना, आधी तिची ओली मिटन बदलली, मग आम्ही दोघी तिथेच बसलो.