इंजिन बंद पडलं तरी पंखा फिरतो

हेलिकॉप्टर तातडीनं शेतात उतरवल्याची बातमी आली की कुणीतरी हमखास म्हणतं, इंजिन बंद पडलं की हेलिकॉप्टर दगडासारखं कोसळतं. तसं होत नाही. का होत नाही, ही यंत्रविद्येतली माझी सर्वांत आवडती गोष्ट.

उतारावर सायकलचं पायडल मारणं थांबवा. चाक टर्रर्र करत फिरतच राहतं, कारण मध्ये फ्रीव्हील असतं. हेलिकॉप्टरातही इंजिन थांबलं की फ्रीव्हील पंख्याला मोकळं करतं. वैमानिकानं डाव्या हातातली कलेक्टिव्हची, म्हणजे सगळ्या पात्यांचा कोन एकदम बदलणारी, दांडी ताबडतोब खाली करायची. हलक्या हेलिकॉप्टरात त्यासाठी जेमतेम एक-दोन सेकंद मिळतात. पात्यांचा कोन कमी होतो, हेलिकॉप्टर उतरू लागतं आणि हवा खालून पंख्यात शिरते. पात्याच्या बुंध्यापासून साधारण 25 ते 70 टक्के लांबीच्या पट्ट्यात हवेचा जोर किंचित पुढे कललेला असतो. तोच पात्याला ओढत फिरवत ठेवतो. टोकाकडचा भाग उलट त्या फिरण्याला अडवतो. दोन्हींचा मेळ बसला की पंख्याची गती टिकते. महोगनीचं बी गिरक्या घेत सावकाश उतरतं, तेही असंच हवेच्या जोरावर. जमिनीजवळ नाक उचलून वेग कमी करायचा आणि पंख्यात साठलेली ऊर्जा दांडी वर ओढून वापरायची. ही संधी एकदाच.

1972 मध्ये फ्रेंच वैमानिक ज्याँ बुले यांनी फ्रान्समध्ये लामा हेलिकॉप्टर 12,442 मीटर उंचीवर नेलं. उतरताना इंजिन विझलं, तरी ते सुखरूप जमिनीवर आले. आपल्या लष्कराचं 'चीता' हेलिकॉप्टर म्हणजे तेच लामा.

मात्र यासाठी इंजिन आणि पंख्यांना जोडणारा गिअरबॉक्स शाबूत हवा. त्याच्या तेलात एक छोटं चुंबक बसवलेलं असतं. तंत्रज्ञ ते काढून बघतो: बारीक काळसर लव दिसली तर ठीक, चकचकीत कपची दिसली तर बेअरिंग किंवा दाता झिजतोय. लिंबू-मिरची टांगून ही झीज थांबत नाही, ती अशी डोळ्यांनी शोधावी लागते.

12 मार्च 2009 रोजी कॅनडात न्यूफाउंडलंडजवळ एस-92 जातीचं एक हेलिकॉप्टर समुद्रात कोसळलं. 18 पैकी 17 जण गेले. गिअरबॉक्सचा तेल-फिल्टर टायटॅनियमच्या तीन स्टडवर, म्हणजे आटे पाडलेल्या दांड्यांवर, बसवला होता. फिल्टर पुन्हापुन्हा काढून-बसवून आटे खरवडले गेले, दोन स्टड तुटले, तेल वाहून गेलं आणि शेपटीच्या पंख्याला फिरवणारे दाते गेले. पोलादी स्टड बसवा, ही निर्मात्याची सूचना जानेवारीतच आली होती. मुदत होती एक वर्षाची. अपघातानंतर त्याच महिन्यात हुकूम निघाला: स्टड बदलल्याशिवाय एकही एस-92 उडणार नाही.