शाळूची कोर आणि पोटातली वस्ती

सकाळी सांगलीच्या आमराईत फिरायला गेलं की हल्ली एक वाक्य हमखास कानावर पडतं, "भाकरी बंद केलीय, आता नुसता शेक." आमच्या शेजारच्या काकूंनी असंच करून दोन महिन्यांत दहा किलो वजन उतरवलं. जिने चढताना गुडघा कुरकुरत नाही म्हणाल्या. त्यांचा आनंद मला मनापासून पटतो. पण जेवणाऐवजी प्यायच्या त्या शेकवर त्यांच्याबरोबर आणखी कोण उपाशी राहिलं, हे त्यांना सांगितल्याशिवाय मला राहवेना.

आपल्या शरीरात साधारण 38 लाख कोटी जिवाणू राहतात, बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात. आपल्याला न पचलेला चोथा हे त्यांचं जेवण: शाळूचा कोंडा, मटकीची सालं, गवारीच्या शिरा. तो आंबवून ते ब्युटिरेट नावाचं आम्ल बनवतात आणि मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मुख्यतः त्याच्यावरच जगतात. चोथा आलाच नाही, तर काही जिवाणू आतड्याला आतून लिंपलेल्या बुळबुळीत थराकडे वळतात आणि तोच खाऊ लागतात.

2021 साली 'नेचर'मध्ये जर्मन आणि अमेरिकन संशोधकांचा एक अभ्यास आला. त्यात पाळी गेलेल्या, वजन जास्त असलेल्या 80 स्त्रिया होत्या. त्यांतल्या निम्म्या जणी आठ आठवडे रोज 800 कॅलरींच्या पातळ आहारावर राहिल्या. वजन छान उतरलं, पण आतड्यातले जिवाणू संख्येनं घटले आणि वस्तीचा तोंडवळाच बदलला. नंतर त्यांच्यापैकी काहींच्या विष्ठेतले जिवाणू उंदरांच्या आतड्यात सोडले. डाएटनंतरचे जिवाणू मिळालेले उंदीर डाएटआधीचे मिळालेल्यांपेक्षा रोडावले, कारण अन्नातलं सत्त्व त्यांच्या अंगी नीट लागत नव्हतं.

खरी काळजीची गोष्ट पुढे आहे. त्या वस्तीत क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिल नावाचा जंतू वाढला होता. अँटिबायोटिक्सचा मोठा डोस झाल्यावर कधी कधी जीवघेणे जुलाब लावणारा हाच तो. एरवी पित्ताम्लं, म्हणजे पित्तातली पचनाला मदत करणारी आम्लं, आणि बाकीचे जिवाणू मिळून त्याला डोकं वर काढू देत नाहीत. या आहारात पित्ताम्लं कमी झाली आणि त्याला जागा मिळाली. नेहमीचं जेवण सुरू झाल्यावर हे बदल बऱ्याच अंशी मागे फिरले, एवढा दिलासा आहे.

म्हणून कमी खाणंच वाईट, असं मात्र नाही. फ्रान्समध्ये 49 जणांनी सहा आठवडे कॅलरी कमी केल्या, पण ताटात चोथा आणि प्रथिनं भरपूर ठेवली. ज्यांच्या आतड्यात जिवाणूंची विविधता मुळात कमी होती, त्यांची ती वाढली. ॲकरमॅन्सिया नावाचा जिवाणू ज्यांच्याकडे सुरुवातीपासून जास्त होता, त्यांच्या शरीरात इन्शुलिन अधिक चांगलं काम करू लागलं. म्हणजे मला तरी कॅलरींच्या आकड्याइतकंच महत्त्वाचं वाटतं ते हे, की त्या आकड्यात बसवलंय काय.

आपल्याकडे त्यासाठी दुकान शोधावं लागत नाही. जतचा शाळू आहे, हुलग्याचं माडगं आहे, मोड आलेली मटकी आहे. भाकरी निवली की तिच्यातल्या थोड्या पिठूळ भागाची घडण बदलते, तो लहान आतड्यात न पचता थेट जिवाणूंपर्यंत पोचतो. साखरेच्या गोळ्या चालू असतील, तर आहार बदलण्याआधी डॉक्टरांना विचारायलाच हवं, तेही काकूंना सांगितलं.

त्यांनी विचारलं, "मग किती खाऊ?" मी म्हटलं, एक कोर, वाटीभर उसळ आणि ताक. काल सकाळी त्यांच्या ओट्यावर झाकून ठेवलेली रात्रीची भाकरी दिसली.