रेल्वेचा सिग्नल आणि मेट्रोचा सिग्नल: दिवे सारखे, काम वेगळं

रेल्वेच्या रुळांशेजारचा सिग्नल आणि मेट्रोच्या रुळांशेजारचा सिग्नल पाहिले तर फरक पटकन लक्षात येत नाही. रंगीत भिंगं तीच, लाल तोच. त्यामुळे दोन्हीकडचे चालक दिव्यात एकच गोष्ट वाचत असतील असं आपण धरून चालतो. पण रेल्वेतला दिवा चालकाला पुढच्या मार्गाची परिस्थिती सांगतो आणि वेग कसा, केव्हा कमी करायचा हे त्याच्या जाणकारीवर सोडतो. आधुनिक मेट्रोत किती वेगाने आणि कुठपर्यंत जायचं हे चालकासमोरच्या पडद्यावर ठरून येतं. रुळाशेजारच्या दिव्याला तिथे फार थोडंच बोलायचं असतं.

रेल्वेपासून सुरुवात करू, कारण दिव्यांची मूळ गरज तिथली. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फारच कमी पकड घेतं. म्हणून तर एक इंजिन एवढे डबे ओढू शकतं, आणि म्हणूनच भरधाव गाडी थांबायला किलोमीटरभर अंतर लागू शकतं. लाल दिवा दिसल्यावर ब्रेक लावून भागत नाही. पुढे लाल आहे हे बरंच आधी कळावं लागतं. पिवळा दिवा त्यासाठी असतो. रस्त्यावरचा पिवळा ‘आता लाल होईल’ असं सांगतो, म्हणजे तो वेळेबद्दल बोलतो. रेल्वेतला पिवळा अंतराबद्दल बोलतो: पुढच्या सिग्नलला थांबायच्या तयारीने चला. भारतीय रेल्वेत एकावर एक दोन पिवळे लागले, तर पुढच्या सिग्नलवरून मर्यादित वेगाने जायची तयारी ठेवायची. हिरवा म्हणजे मार्गाच्या ठरलेल्या वेगाने खुशाल जा. स्टेशनाच्या पहिल्या थांबा-सिग्नलच्या साधारण १ किलोमीटर आधी डिस्टंट सिग्नल असतो, आणि जलद गाड्यांच्या मार्गांवर त्याच्याही १ किलोमीटर आधी आणखी एक. इतकी आगाऊ सूचना मिळूनही ब्रेक नेमका केव्हा धरायचा हे लोको पायलटच, म्हणजे इंजिनाचा चालकच ठरवतो, कारण रिकामी मालगाडी, भरलेली मालगाडी आणि प्रवासी गाडी प्रत्येकी वेगळ्या अंतरात थांबते. खांबावरच्या दिव्याला समोरून कुठली गाडी येतेय, तिचं वजन किती, हे ठाऊक नसतं. शिवाय दिवा चुकीचा वाचला जाऊ नये म्हणून लोको पायलट आणि त्याचा सहायक प्रत्येक सिग्नलचा रंग एकमेकांना मोठ्याने सांगतात.

दिवा बदलतो कसा? दोन्ही रुळांतून हलका वीजप्रवाह सोडलेला असतो. गाडी त्या तुकड्यावर आली की तिची चाकं आणि आस दोन रूळ जोडतात, प्रवाह टोकापर्यंत पोहोचत नाही, तिथला रिले (प्रवाहावर उचलून धरलेला विजेचा खटका) खाली पडतो आणि मागचा सिग्नल लाल होतो. अमेरिकेत विल्यम रॉबिन्सनने १८७२ साली याचं पेटंट घेतलं. यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट अशी की तार तुटली, वीज गेली किंवा रूळच तडकून प्रवाह थांबला, तरीही दिवा लालच होतो. बिघाड गाडीला थांबवतो, पुढे ढकलत नाही. हल्ली बऱ्याच ठिकाणी आत गेलेल्या आणि बाहेर पडलेल्या आसांची गणती करणारी यंत्रं हे काम करतात.

आता रेल्वेतला लाल. सगळे लाल सारखे नसतात, हे अनेकांना माहीत नसतं. स्टेशनात शिरण्याआधीचा होम सिग्नल किंवा स्टेशनातून निघतानाचा स्टार्टर सिग्नल, यांचा लाल म्हणजे पक्का थांबा. स्टेशन मास्तरकडून ठरलेल्या पद्धतीने अधिकार मिळाल्याशिवाय गाडी तसूभरही हलवायची नाही, कारण पुढे सांधे, म्हणजे गाडीला एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवणारे सरकते रूळ असतात आणि ते भलत्याच दिशेला लागलेले असू शकतात. पण उपनगरी मार्गांवर दोन स्टेशनांच्या मधे जे सिग्नल असतात, त्यांतल्या बहुतेकांच्या खांबावर पांढऱ्या गोल पाटीवर काळं ‘ए’ अक्षर असतं. हे स्वयंचलित सिग्नल. त्यांचे रंग पुढच्या गाडीच्या हालचालीनुसार आपोआप बदलतात. असा सिग्नल लाल असेल तर मोटरमनने थांबायचं, दिवसा १ मिनिट आणि रात्री २ मिनिटं वाट पाहायची. तरीही लाल हटला नाही तर ठरलेली शिट्टी द्यायची, मागच्या गार्डशी खुणा करायच्या आणि अतिशय सावकाश, समोर अडथळा दिसताच थांबता येईल अशा बेताने पुढच्या सिग्नलपर्यंत जायचं. लोकल मधेच थांबते, शिट्टी वाजते आणि मग ती रांगत निघते, तेव्हा पुष्कळदा हेच चाललेलं असतं. काही सिग्नलवर तर ‘ए’ अक्षर दिव्याचं असतं. ते पेटलेलं असेल तर सिग्नल स्वयंचलित. विझलेलं असेल तर तोच लाल पक्का थांबा. एका अक्षराच्या उजेडावर चालकाचा अख्खा अधिकार बदलतो.

मेट्रोत हा सगळा व्यवहार बदलतो, कारण तिथली गाडी वेगळी आणि गरजही वेगळी. सगळ्या गाड्या जवळपास एकाच प्रकारच्या, ब्रेक सारखे, मालगाडी नाही. गर्दीच्या वेळी दोन-तीन मिनिटांत पुढची गाडी हवी. त्यात बोगदे आणि तीव्र वळणं. दिवा वेळेत दिसेलच याची खात्री नाही. म्हणून सूचना खांबावरून उचलून थेट कॅबमध्ये, म्हणजे चालकाच्या खोलीत आणली गेली. लंडनची व्हिक्टोरिया लाइन १९६८ साली सुरू झाली तेव्हा गाडीला आज्ञा रुळांतून संकेतरूपाने मिळत होत्या. आजच्या नव्या मेट्रोंमध्ये हे काम रेडिओवर चालतं. गाडी आपण नेमक्या कुठे आहोत हे सतत कळवते, रुळांमधली उपकरणं तिच्या मोजमापातली चूक वेळोवेळी सुधारतात, आणि संगणक पुढच्या गाडीचं शेपूट कुठे आहे ते पाहून हिला कुठपर्यंत जाता येईल हे ठरवतो. चालकाला, मेट्रोच्या भाषेत ट्रेन ऑपरेटरला, पडद्यावर आत्ताचा वेग, परवानगी असलेला वेग आणि पुढच्या मर्यादेपर्यंतचं अंतर दिसतं. वेग ओलांडला तर आधी इशारा, आणि तरी दखल घेतली नाही तर यंत्रणा स्वतः ब्रेक लावते.

मग मेट्रोत दिवे उरतात कशाला? मुख्यतः सांध्यांसाठी. गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर जाते तिथे मार्ग लागून कुलूपबंद झालाय की नाही, हे दिवा सांगतो. दिल्ली मेट्रोत तर अशा सिग्नलांवर लाल आणि हिरव्यासोबत जांभळा दिवा असतो. नेहमीच्या रेल्वेवरून आलेला माणूस इथे हमखास गोंधळेल. जांभळ्याचा अर्थ असा: सिग्नल ओलांडून निघा, पण कॅबमध्ये दिसणाऱ्या वेगानेच, पुढच्या दिव्यापर्यंतचा सगळा मार्ग मोकळा असेलच असं समजू नका. हिरवा मात्र पुढच्या सिग्नलपर्यंत सगळं मोकळं असल्याचं सांगतो, म्हणून कॅबमधली यंत्रणा बंद पडलेल्या गाडीला त्याचाच आधार. जांभळ्यावर निघालेल्या गाडीला पुढच्या गाडीपासून सुरक्षित अंतरावर राखण्याचं काम दिवा करत नाही, पडदा करतो.

लालचंही तसंच. मेट्रोत लाल दिव्यापाशी मिनिटभर थांबून स्वतःच्या अधिकारात पुढे सरकण्याची मुभा नाही. कंट्रोल रूमची परवानगी लागते. आणि चालकाने चुकून गाडी पुढे घेतलीच, तर संरक्षण यंत्रणा ब्रेक लावते.

मात्र या फरकाची सीमा रेल्वे आणि मेट्रो या दोन नावांमधूनच जाते असं मानू नये. मुंबईची लोकल मेट्रोसारखी दर काही मिनिटांनी धावते, पण तिचा मोटरमन आजही खांबावरचे दिवे वाचत जातो. उलट जपानची शिंकान्सेन लांब पल्ल्याची रेल्वे, तरी १९६४ पासून तिला वेगाची सूचना कॅबमध्येच मिळते. ताशी २०० किलोमीटरच्या वेगात खांबावरचा रंग ओळखून वेळेत ब्रेक धरणं माणसाच्या आवाक्याबाहेरचं आहे. भारतीय रेल्वे ‘कवच’ बसवतेय ते या दोन पद्धतींच्या मधलं पाऊल आहे. दिवे खांबावर तसेच राहतात, पण पुढच्या सिग्नलची माहिती कॅबमध्येही दिसते आणि चालक चुकला तर ब्रेक आपोआप लागतो. लाल सिग्नल नजरचुकीने ओलांडला जाण्याचे अपघात पाहता ही यंत्रणा जितक्या लवकर सगळीकडे पोहोचेल तितकं बरं, असं मला मनापासून वाटतं.

दिल्लीच्या मॅजेंटा लाइनवर २०२० च्या डिसेंबरात चालकाविना गाडी धावू लागली. अशा गाडीला दिवा वाचायला डोळेच लागत नाहीत. तरीही रेडिओवर चालणाऱ्या अनेक मेट्रोंनी सांध्यांपाशी दिवे ठेवले आहेत, कारण गाडीचा रेडिओ बंद पडू शकतो, आणि प्रवासी सेवा संपल्यावर रात्री देखभालीची जी वाहनं रुळांवर उतरतात, त्या सगळ्यांमध्ये ही यंत्रणा असतेच असं नाही.