किकेरो की सिसेरो? हे कळलं कसं?

सिसेरो या रोमन वक्त्याला त्याच्या काळात, लॅटिनमध्ये, 'किकेरो' म्हणायचे असं वाचलं की पहिला प्रश्न हाच पडतो, अरे दोन हजार वर्षांपूर्वी कोण रेकॉर्डिंग करायला बसलं होतं? तर बरीचशी माहिती रोमन व्याकरणवाल्यांच्याच लिखाणात सापडते, आणि गंमत म्हणजे बऱ्याचदा ते उच्चार शिकवतही नव्हते, नुसती कुरकुर करत होते.

वक्तृत्व शिकवणारा रोमन क्विंतिलियन घ्या. इ.स. ९५च्या आसपास तो लिहितो की 'के' हे अक्षर हवंय कशाला, 'सी' कुठल्याही स्वराआधी आपला आवाज सोडत नाही. बोलत होता स्पेलिंगवर, पण आपल्याला कळलं की 'सी' सगळीकडे क-च. ग्रीक लोकही ते नाव 'किकेरोन' असंच लिहायचे, त्यामुळे हिशोब जुळतो. शब्दाच्या शेवटच्या 'म'बद्दल तो म्हणतो, पुढे स्वर आला की हा लिहितात खरा पण जेमतेमच उच्चारतात.

त्याच्याही आधीचा निगिडियस फिगुलस, सिसेरोचा मित्र. 'आंग्विस' म्हणजे साप, यातला न खरा न नाही, कारण जीभ टाळूला लागतच नाही, असं तो म्हणतो. 'अंग' म्हणून बघा, लगेच पटेल. आपल्याकडे त्याला ङ आहे, रोमनांकडे अक्षरच नव्हतं म्हणून बिचाऱ्याला जिभेचा पुरावा द्यावा लागला!

मग 'आपेंडिक्स प्रोबी' नावाची यादी, २२७ दुरुस्त्या, सगळ्या 'हे म्हणा, ते नको' छाप. आरशाला 'स्पेकुलुम' म्हणा, 'स्पेक्लुम' नको. आता 'पाणी म्हणा, पानी नको' असं कोणी लिहिलं तर त्याचा अर्थच हा की आजूबाजूला लोक पानी म्हणतायत. आणि जिंकला शेवटी चुकीचाच, इटालियनमधला आरसा, 'स्पेक्क्यो', त्या स्पेक्लुमचाच वंशज.

पण या मंडळींवर डोळे झाकून विश्वास ठेवायचा नाही हं. एकमेकांचं उतरवून काढायचे, शिवाय ग्रीक व्याकरणाचा पगडा इतका की लॅटिनच्या आघाताचं (शब्दातलं एक अक्षर बोलताना उठून दिसतं, त्याचं) वर्णनही ग्रीकच्या चढ-उताराच्या भाषेत, त्यामुळे तो आघात जोराचा होता की सुराचा यावर अभ्यासक अजून भांडतायत.

मला त्यापेक्षा सम्राट वेस्पाशियनचा किस्सा जास्त भरवशाचा वाटतो. फ्लोरस नावाच्या बड्या माणसाने त्याला टोकलं, गाड्यांना 'प्लोस्त्रा' नाही, 'प्लाउस्त्रा' म्हणावं. दुसऱ्या दिवशी सम्राटाने त्याला हाक मारली, 'फ्लाउरस'!