सफरचंदाच्या कापातली काच

मागच्या आठवड्यात डोंबिवलीहून भाचीचा फोन आला. "मावशी, एअर फ्रायरमध्ये सफरचंदाचे काप लावलेत. पंधरा मिनिटं झाली, तरी लुळेच आहेत. आणखी दहा मिनिटं लावू?" "नको, एक काप बाहेर काढून ताटलीत ठेव," असं मी म्हणेपर्यंत तिने बटण दाबलंही होतं. थोड्या वेळाने फोटो आला. कडा करपलेल्या, मधला भाग काळपट, आणि चवीला कडू.

पदार्थ कुरकुरीत होतो तो गरम असताना, यंत्राच्या आत, असा तिचा समज होता. बहुतेकांचा तोच असतो. पण साखरेने भरलेल्या फळाचा काप गरम असताना कुरकुरीत असूच शकत नाही. तो कुरकुरीत होतो बाहेर, ताटलीत, गार होता होता. हे का घडतं ते मला मनापासून आवडतं, म्हणून या लेखाचा बराचसा भाग मी त्यालाच देणार आहे.

आधी यंत्राबद्दल थोडक्यात. एअर फ्रायर तळत नाही. २०१० साली फिलिप्सने बर्लिनच्या प्रदर्शनात या नावाचं यंत्र आणलं. आत एक तापणारी कॉइल असते आणि जोरात फिरणारा पंखा. म्हणजे ही गरम वारा खेळवणारी छोटी भट्टी. ओल्या वस्तूभोवती दमट हवेचा पातळ थर चिकटून बसतो आणि पुढचं बाष्प अडवतो. पंखा हा थर सारखा उडवून लावतो. वाऱ्याच्या दिवशी दोरीवरचे कपडे लवकर वाळतात, तेच इथे होतं. सफरचंदात शंभर भागांत सुमारे ८५ भाग पाणी असतं आणि ते घालवायला हे यंत्र उत्तम आहे.

पाणी गेल्यावर मागे मुख्यतः साखर उरते, आणि पेशींच्या भिंतींचं जाळं. गरम कापातली ही साखर म्हणजे दाट पाकच.

आता चिक्की आठवा. पाक झाला की नाही, हे माझी आई कढईत बघून ठरवत नसे. वाटीत गार पाणी घेऊन त्यात पाकाचा थेंब सोडायची. थेंब बोटांत दबला, तर पाक अजून व्हायचाय. वाटीच्या तळाला टणकन वाजला आणि दाताखाली कट्कन तुटला, की गॅस बंद. कढईतला पाक दोन्ही वेळेला पातळच दिसतो. फरक कळतो तो गार केल्यावर.

त्या थेंबात काय होतं? गरम पाकात साखरेचे रेणू एकमेकांवरून घसरत हिंडत असतात. सावकाश गार केलं, तर ते शिस्तीत ओळी धरतात आणि स्फटिक बनतो, म्हणजे आपली खडीसाखर. पण झटकन गार केलं, किंवा वेगवेगळ्या साखरांची सरमिसळ असली, तर ओळी धरायला सवड मिळत नाही. रेणू जिथे असतील तिथेच थिजतात. रचना द्रवासारखी विस्कळीत, पण वागणं घन वस्तूचं. अशा पदार्थाला भौतिकशास्त्रात काच म्हणतात. खिडकीचं तावदान वाळूपासून केलेली काच आहे, चिक्कीचा पाक साखरेची.

ज्या तापमानाला हे थिजणं होतं त्याला काच-संक्रमण तापमान म्हणतात. त्याच्या वर पदार्थ रबरासारखा असतो. वाकतो, ताणला जातो, दाताला चिकटतो. त्याच्या खाली तो ठिसूळ होतो. चावलं की तडा जातो, तो तडा क्षणात आरपार पळतो आणि आपल्याला 'कुर्रर्र' ऐकू येतं. ऑक्सफर्डच्या झांपिनी आणि स्पेन्स यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात खाणाऱ्याच्या कानात वेफर्सचा आवाज, विशेषतः त्यातला वरच्या पट्टीचा भाग, वाढवून सोडला. तेच वेफर्स लोकांना जास्त ताजे आणि कुरकुरीत वाटले. कुरकुरीतपणाचा मोठा हिस्सा आपण कानाने खातो.

प्रत्येक साखरेचं हे तापमान वेगळं असतं. पूर्ण कोरड्या सुक्रोजचं, म्हणजे आपल्या डब्यातल्या साखरेचं, सुमारे ६२ अंश सेल्सियस. ग्लुकोजचं ३१. फ्रुक्टोजचं जेमतेम ५. आणि पाण्याचं? उणे १३५. पाण्याचे चिमुकले रेणू साखरेच्या बोजड रेणूंमध्ये शिरतात आणि त्यांना पुन्हा घसरायला वाट करून देतात. त्यामुळे मिश्रणाचं काच-संक्रमण तापमान धडाधड खाली येतं.

किती खाली, ते काढता येतं. १९५२ साली गॉर्डन आणि टेलर यांनी एक समीकरण मांडलं. त्याचा गाभा सरासरीचा आहे. दोन घटकांच्या काच-संक्रमण तापमानांची सरासरी घ्यायची, पण दोघांना सारखा मान द्यायचा नाही. सुक्रोज आणि पाणी यांच्या जोडीत पाण्याच्या प्रत्येक ग्रॅमचा प्रभाव साखरेच्या ग्रॅमच्या सुमारे ४.७ पट धरावा लागतो. समजा, ९७ ग्रॅम साखरेत ३ ग्रॅम पाणी उरलंय. ९७ गुणिले ६२, त्यात ३ गुणिले ४.७ गुणिले उणे १३५ मिळवायचे, आणि आलेल्या बेरजेला ९७ अधिक १४.१ ने भागायचं. उत्तर येतं सुमारे ३७ अंश. पाणी ५ टक्के असेल, तर २३ अंश. ८ टक्के असेल, तर ५.

हे आकडे डोंबिवलीच्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवू. पावसाळ्यात तिथे २८-२९ अंश असतात. ३ टक्के पाण्याची साखर या तापमानाला काच असते, ५ टक्क्यांची रबर. शंभर ग्रॅममागे दोन ग्रॅम पाणी, एवढ्यावर सगळं अवलंबून. मराठीत या घटनेला नेमकं क्रियापद आहे, सादळणं. पापड सादळतो, चिवडा सादळतो. 'मऊ पडणं' आणि 'सादळणं' यांतला फरक आपल्या आज्यांना पक्का ठाऊक होता. सादळलेली वस्तू शिजून मऊ झालेली नसते, हवेतलं पाणी पिऊन काचेची रबर झालेली असते.

सफरचंदाचं काम तर आणखी अवघड, कारण त्यातली निम्म्याहून जास्त साखर फ्रुक्टोज असते. नुसत्या या साखरा असत्या, तर अगदी कोरड्या करूनही त्या आपल्या उन्हाळ्यात मऊच राहिल्या असत्या. काप सावरतात ते पेशींच्या भिंतींमुळे. पेक्टिन आणि सेल्युलोज यांचे लांबलचक रेणू सहजासहजी हलत नाहीत. शिवाय ताज्या सफरचंदाच्या आकारमानात जवळपास एक चतुर्थांश हवा असते, म्हणूनच ते पाण्यावर तरंगतं. वाळल्यावर तिथे पोकळ्या राहतात आणि पातळ भिंती चटकन मोडतात.

आपल्याकडे हा सगळा धडा एकाच फळात बघायला मिळतो. कोकणात कच्च्या फणसाचे गरे तळतात, ते खुटखुटीत होतात. पिकल्या फणसाचा रस वाळवून फणसपोळी करतात, ती चिवट. कच्च्या फणसात स्टार्च भरपूर असतो. त्याचे रेणू म्हणजे ग्लुकोजच्या लांब साखळ्या, आणि त्यांचं काच-संक्रमण तापमान इतकं वर असतं की थोडं पाणी शोषलं तरी ते खोलीच्या तापमानाखाली घसरत नाही. फळ पिकतं तशा या साखळ्या तुटून साखर होते. केळ्याचंही तेच. कच्च्या केळ्याच्या गरात वीसेक टक्के स्टार्च असतो, पूर्ण पिकल्यावर एक-दोन टक्के उरतो. म्हणून वेफर्स कच्च्या केळ्याचे करतात, आणि वसईची सुकेळी पिकल्या राजेळी केळ्यांची होतात. सुकेळी कितीही उन्हं खाऊन वाळली तरी काच होत नाहीत, आणि होऊही नयेत, त्यांची मजा त्या लवचीक गोडव्यातच आहे. पिकलेल्या केळ्याचे काप एअर फ्रायरमध्ये लावून कुरकुरीत वेफर्सची वाट बघणाऱ्यांनी मात्र हे लक्षात घ्यावं.

भाचीचे काप करपले कसे? कापात पाणी असेपर्यंत आलेली उष्णता बाष्पीभवनातच खर्च होते, म्हणून आतली हवा १६० अंश असली तरी काप १०० च्या खालीच राहतो. पाणी संपलं की हे संरक्षणही संपतं आणि काप भराभर तापतो. मग साखर आणि अमिनो आम्लं यांची माइयार अभिक्रिया वेग घेते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ माइयार यांनी ती १९१२ साली मांडली. फ्रुक्टोजचं कॅरमलही ११० अंशांच्या आसपास व्हायला लागतं. सोनेरी ते काळं हा प्रवास शेवटच्या दोन-तीन मिनिटांत होतो.

म्हणून मी असं करते. वेफर्सच्या किसणीवर दोन मिलिमीटरच्या चकत्या पाडायच्या. जाडी दुप्पट केली, तर आतलं पाणी पृष्ठभागापर्यंत यायला साधारण चौपट वेळ लागतो, आणि तोवर वरचा थर टणक होऊन वाट अडवतो. चकत्या फडक्यावर टिपून एकाच थरात लावायच्या, वर जाळी ठेवायची, नाहीतर हलके झालेले काप पंख्याच्या वाऱ्याने उडून कॉइलला चिकटतात. १२० अंशांवर साधारण अर्धा तास, मध्ये दोनदा उलटायच्या. विसाव्या मिनिटानंतर दर तीन-चार मिनिटांनी एक काप स्टीलच्या ताटलीत काढून मिनिटभर गार करायचा आणि मोडून बघायचा. पाकाच्या थेंबाची परीक्षा ती हीच. तुटला, की यंत्र बंद. बाकीचे त्या क्षणी लुळे दिसले तरी बाहेर काढायचे.

चिरलेलं सफरचंद तपकिरी पडतं ते त्यात भरपूर लोह असतं म्हणून, हा समजही सोडायला हवा. शंभर ग्रॅम सफरचंदात लोह जेमतेम ०.१ मिलिग्रॅम असतं. रंग बदलतो तो एका विकरामुळे, म्हणजे एन्झाइममुळे, आणि त्या विकराच्या केंद्रस्थानी असतं तांबं. लिंबाचा रस चोळला की ते मंदावतं. ग्रहणात गरोदर बाईने फळ चिरू नये हे तर आजही सुशिक्षित घरांत पाळलं जातं. चंद्राच्या सावलीचा सुरीशी, फळाशी किंवा बाळाशी काहीही संबंध नाही, आणि त्या बाईला तासन्‌तास उपाशी बसवणं मात्र खरोखर घातक ठरू शकतं. तिसरी गोष्ट जाहिरातींची. 'तेल नाही, म्हणून हवे तितके खा' हे खोटं आहे. शंभर ग्रॅम सफरचंदाचे पंधराएक ग्रॅम काप होतात आणि दहाएक ग्रॅम साखर सगळी त्यातच असते. मधुमेह असलेल्यांनी मूठभर काप म्हणजे एक अख्खं फळ असा हिशोब ठेवावा.

पावसाळ्यात काप पूर्ण गार होताच घट्ट झाकणाच्या डब्यात भरावेत. कोमट असताना भरले, तर त्यांच्यातलं उरलंसुरलं बाष्प डब्यातच अडकतं. तरीही सादळले, तर टाकू नका. काचेची रबर होणं उलटही फिरवता येतं. ९० अंशांवर पाच-सात मिनिटं वारा द्यायचा, पाणी पुन्हा निघून जातं. भाचीने काल दुसरा घाणा काढला. काप बाहेर आले तेव्हा लुळे होते. तिने फोन ताटलीजवळ धरला, आम्ही दोघी गप्प बसलो, आणि दोन मिनिटांनी तिने पहिला काप मोडला तो आवाज मला इकडे पुण्यात ऐकू आला.