रातभरचा नाच, फितीत पावणेतीन मिनिटं

नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावची राजवाडी होळी पहाटे पेटते आणि तोवर ढोल थांबत नाही. अंगावर राखेची नक्षी, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला वाळके भोपळे आणि घुंगरं बांधलेला बुध्या, म्हणजे नवस केलेला नर्तक, पालनी (व्रताचे कडक नियम) पाळून नवसाचा नाच नाचतो. असे नाच मंचावर आले, की फेराची रांग होते आणि रात्रीची मिनिटं होतात. दिल्लीत प्रजासत्ताक दिनाचा लोकनृत्य महोत्सव 1953 ला सुरू झाला. पुढे भारत महोत्सव 1982 मध्ये ब्रिटनला, 1985 मध्ये फ्रान्स-अमेरिकेला, 1987 मध्ये सोव्हिएत संघात गेला.

जुन्या चित्रफितीत मात्र नाच आणखी तुटतो, त्याला कारण कॅमेरा. 16 मिमी फितीच्या एका फुटात 40 चौकटी (फ्रेम). म्हणजे 100 फुटांचं रीळ सेकंदाला 24 चौकटींनी 2 मिनिटं 46 सेकंदांत संपतं. त्यात चावीचा कॅमेरा एका दमात जेमतेम अर्धा मिनिट चालायचा. चावी भरेपर्यंत नाचाची चाल बदललेली असायची, आणि ती बदलतानाचा क्षण, जो खरा पाहण्यासारखा, तोच नेमका हुकायचा.

दुसरी गफलत वेगाची. मूक फीत बऱ्याचदा 16 चौकटींनी घेतलेली असते. ती 24 ने दाखवली की नाच दीडपट पळतो आणि कमरेचे भोपळे झुलायच्या ऐवजी थरथरतात. पाहणाऱ्याला वाटतं, आपले लोक असेच नाचायचे! हा गैरसमज टाळायला उडी मोजावी. वीतभर उडीत पाय जमिनीपासून सुमारे 0.4 सेकंद सुटलेले असतात. तेवढ्यात दहाएक चौकटी भरल्या तर फीत 24 ची, सहा-सात भरल्या तर 16 ची.

डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ॲसिटेटची फीत कुजू लागली आहे. खानदेशातला उन्हाळा तिचा वैरीच. आक्रसलेल्या फितीची भोकं प्रोजेक्टरच्या दात्यांत बसत नाहीत आणि कडा फाटते. आक्रसणं 1 टक्क्यावर गेलं असेल तर ती चालवून बघूच नये, थेट स्कॅनिंगला द्यावी.

अशा जुन्या फिती शोधताना जिल्ह्याच्या नावावर अडू नये. नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 ला झाला. त्याआधीच्या डब्यांवर धुळे, त्याहून जुन्यांवर पश्चिम खानदेश असं लिहिलेलं सापडेल.